शकुनमावशीचा रशियावाला

काल विहारात तुझं पुण्यानुमोदन झालं, शकुनमावशी, आणि बोलायला उठलेला प्रत्येक माणूस तुला ‘हसतमुख’ म्हणून गेला. हसतमुख होत्या, सदा हसतमुख राहिल्या, हसत हसत गेल्या. तिसऱ्या वक्त्यानंतर माझे कान तापायला लागले. हसत हसत कोणी जात नाही. शेवटचे दोन दिवस तू उशीला टेकून बसून काढलेस, कारण आडवं झालं की श्वास येत नव्हता. एक वाक्य पुरं करायला तुला तीनदा थांबावं लागत होतं. हे सगळं आईनं पाहिलं, आळीतल्या बायांनी पाहिलं. तरी मंडपात हसतमुख.

तुला मूलबाळ नव्हतं, म्हणून एका भाषणात तू अख्ख्या गावाची माय झालीस. त्या माणसानं तुला आयुष्यात कधी ‘जयभीम’सुद्धा घातला नसेल.

मलाही बोलायला सांगितलं होतं. ‘आता नागपूरच्या प्राध्यापक करुणाताई दोन शब्द बोलतील.’ मी उठले नाही. आईनं कोपर मारलं, तरी उठले नाही. उठले असते तर माईकवरून शिव्या दिल्या असत्या, आणि पहिली शिवी तुलाच दिली असती. म्हणून आज लिहायला बसले आहे. कागदावर मला कोणी कोपर मारत नाही.

कामठ्याला तुझ्या ओसरीवर दुपारी बिड्या करायला बसणाऱ्या बायांमध्ये मी वाढले. तू, माझी आई, देवकाबाई आणि आणखी तिघी-चौघी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापात कापलेली तेंदूची पानं. पान उचललं, चिमूट टाकली, वळलं, तोंड दुमडलं, दोरा गुंडाळला. मला लहानपणी वाटायचं की बायांच्या बोटांना डोळे असतात. तुमच्यापैकी कोणी हाताकडे बघत नसे. बघायची गरजही नव्हती, कारण सगळ्या तुझ्या तोंडाकडे बघत असायच्या.

तुझ्याकडे ते पुस्तक होतं. तुझे वडील गोंदिया स्टेशनवर रेल्वेचे खलाशी होते, त्यांना गाडीच्या रिकाम्या डब्यात बाकाखाली सापडलेलं. हिंदीतलं जाडजूड पुस्तक. पुठ्ठा गेलेला, सुरुवातीची पानं गेलेली. पुस्तकाचं नाव नाही, लिहिणाऱ्याचं नाव नाही. आतल्या माणसांची लांबलचक नावं आणि गुडघाभर बर्फ बघून तुझ्या वडिलांनी निकाल दिला की हा माणूस रशियाचा. तेव्हापासून तो तुझा ‘रशियावाला’. तू सातवी शिकलेली. एक पान मनातल्या मनात वाचायचीस, पुस्तक उपडं ठेवायचीस, आणि मग हात चालवत ते पान आमच्या बोलीत सांगायचीस. दुसरं पान दुसऱ्या दिवशी. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्यापासून. मी शाळेतून आले की दप्तर टाकून तिथेच बसायची, तेंदूच्या पानांच्या कातरणीत पाय घालून.

त्या रशियावाल्याची गोष्ट मी पुढे पीएचडीला अभ्यासली, पण मला ती आजही तुझ्याच तोंडची आठवते. एका शहरात मोठा साहेब हुकूम काढतो की यापुढे नोंद केल्याशिवाय बर्फ पडायचा नाही. बर्फ बिचारा कायद्याला धरून चालणारा. तो शहरावर येतो आणि नोंद होईपर्यंत अधांतरी थांबतो. घरांच्या थोडा वर. लोक मान वाकवून चालायला लागतात.

‘बर्फ मंजे कसा व शकुन?’ देवकाबाईनं विचारलं होतं.

‘राईस मिलच्या मागं कोंडा उडते नाई का, तसा. पन गार.’

झालं. आमच्यासाठी रशिया गोंदियाच्या राईस मिलमागे जाऊन बसला. त्या साहेबाचा तू कलेक्टर केलास. शहरातल्या बाकीच्यांना तू गावातली नावं दिलीस आणि ज्यांची नावं दिलीस ते लोक रस्त्यानं जाताना आम्ही तोंडाला पदर लावायचो. धोबीण तेवढी धोबीणच राहिली. ती बर्फाच्या वतीनं अर्ज घेऊन कचेरीत जाते. म्हणते, मी जन्मभर पाणी हाताळलं आहे, मला कळतं, या पाण्याला खाली यायचं आहे. कचेरी म्हणते, अर्जदारानं स्वतः हजर राहावं. धोबीण हटत नाही. मग कचेरी ठरवते की अशी कोणी धोबीणच नाही, आणि तिला मिळणारं सरपण बंद करते. चौकशीला चार साहेब तिच्या घरी येतात, तिच्या खाटेवर बसतात, तिच्या हातचा चहा पितात आणि कागदावर लिहितात की इथे कोणी आढळलं नाही.

इथे देवकाबाईला हसता हसता ठसका लागला, तंबाखू नाकात गेली. डोळे पुसत तिनं विचारलं, ‘मंग कप कोनं धुतले?’

‘थे त्याइनं नाई लिवलं,’ तू म्हणालीस.

मावशी, हे मी कधी तुला सांगितलं नाही. माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात एक वाक्य आहे, त्याचं परीक्षकांनी फार कौतुक केलं. या कादंबरीतलं सगळं अद्भुत एका न विचारलेल्या प्रश्नावर उभं आहे, तो प्रश्न म्हणजे कप कोणी धुतले. खाली टीप नाही, ऋणनिर्देश नाही. देवकाबाईचं वाक्य मी माझं म्हणून छापलं आणि त्यावर डॉक्टर झाले. ऋणनिर्देशात मार्गदर्शक आहेत, ग्रंथपाल आहेत, टंकलेखन करणारा आहे. तू नाहीस. चौकशीच्या साहेबांपेक्षा मी काही वेगळं केलं नाही.

शेवट तू असा सांगायचीस. धोबीण छतावर चढते, पदर खोचते आणि वर बघून ओरडते, ‘ये ना रे खाली, कोनाची वाट पाहून रायला?’ आणि बर्फ येतो. सगळ्यांत आधी कचेरीवर येतो. इतका की दारं उघडत नाहीत, साहेब लोक खिडक्यांतून सरपटत बाहेर निघतात, आणि निघाल्या निघाल्या त्यांना पहिली दिसते ती धोबीण. इथे बाया पानं कापायच्या कातऱ्या सुपाच्या काठावर वाजवायच्या.

एम.ए.ला असताना नागपूरच्या ग्रंथालयात मला ते पुस्तक सापडलं. पुठ्ठ्यासकट, नावासकट, सगळ्या पानांसकट. मी उभ्या उभ्या शेवटचं पान काढलं. आणि तिथे धोबीण छतावर चढतच नाही. ती कचेरीत जाते आणि स्वतःच्या हातानं लिहून देते की मी अस्तित्वात नाही. त्याबरोबर तिचं बंद झालेलं सरपण पुन्हा सुरू होतं, कोणीही नसलेल्या बाईच्या नावे. बर्फ तसाच वर लटकलेला राहतो.

दिवाळीच्या सुट्टीत आले ती थेट तुझ्या ओसरीवर. बॅगसुद्धा घरी ठेवली नव्हती. म्हटलं, मावशी, तू आम्हाला खोटं सांगितलंस.

तू पान कापत होतीस. हात थांबला नाही. ‘काऊन व करुने, आल्या आल्या? पानी तं पे.’

‘तुझ्या पुस्तकात शेवटचं पान नव्हतं का?’

‘होतं ना. वाचलं मी.’

‘मग?’

‘मंग का? देवकाच्या पोरीले त्या वरसी सासरहून काढून देल्लं होतं. थे पोट्टी येऊन याच ओसरीवर बसे, तुले आठवत नसन. तिच्यासमोर मी धोबनीले लिहून द्यायले लावू, का मी नाई मनून?’

‘पण लेखकाला तेच सांगायचं होतं.’

‘त्याले सांगाचं थे त्यानं सांगतलं. मले सांगाचं थे मी सांगतलं.’

मी तुला त्याचं नाव सांगितलं. तू दोनदा म्हणून पाहिलंस, जीभ अडखळली, म्हणालीस, लांब हाय, राहू दे. तुझ्या घरात त्याचं नाव कधी घेतलं गेलं नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

पण वाद तिथे संपला नाही. वीसेक वर्षं चालला. मी म्हणायची, तू लोकांना हसवतेस म्हणून त्यांचा राग निघून जातो. शेवट कडू होता तो तू गोड केलास, आणि बाया कातऱ्या वाजवून घरी गेल्या. कलेक्टर आपला कलेक्टरच राहिला. तू म्हणायचीस, ‘हासलं मंजे सोडलं, हे कोनं सांगतलं तुले?’ मी चिडायची. तू आणखी हसायचीस. मी पुस्तकांतली नावं फेकायची, तू म्हणायचीस, याइनं कोनी बिड्या केल्या का?

आणि बाहेर मी काय करायची सांगू? बाहेर, व्यासपीठावर, मी तुझी बाजू मांडायची. उपरोध सत्तेला हास्यास्पद करतो आणि म्हणून दुबळं करतो, असं बोलायची. टाळ्या घ्यायची. तुझ्या ओसरीवर तुला खोडून काढायची आणि नागपुरात तुझंच बोलून पोट भरायची. मावशी, तुला ठाऊक होतं का हे? मला वाटतं होतं. तू कधी म्हणाली नाहीस एवढंच.

आता यंदाच्या हिवाळ्याकडे येते. यायचं नाही, पण येते.

खोकला तुला जुनाच. तंबाखूची धूळ पन्नास वर्षं छातीत गेलेली. धान चुरायचे, मळणीचे दिवस सुरू झाले आणि तुला ओसरीची पायरी चढताना दम लागायला लागला. गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं, नागपूरला भरती व्हा, सरकारी इलाजाच्या कार्डावर फुकट होऊन जाईल, फक्त कार्ड चालू करून घ्या. कार्ड चालू करायला अंगठा लागतो. तू गोंदियाला गेलीस आणि तुझा अंगठा मशीननं घेतला नाही.

संध्याकाळी तुझा फोन आला. मी चहा घेत होते.

‘करुने, मी नाई हावो व.’

‘म्हणजे?’

‘मशीन मनते. आंगठा ठेवला, मशीन मनते, हे बाई नाई. थो पोरगेला ऑपरेटर मने, मौसी, हाथ धोके आओ. धुतले. मने, निंबू घिसो. निंबू घासलं. आता माहं लोनचं तेवढं घालाचं रायलं.’

मी हसले. मध्येमध्ये तुझा आवाज तुटत होता. मला वाटलं तूही हसते आहेस.

खरं तर मला कळायला हवं होतं. धोबिणीच्या बोटांवर मी प्रबंधात दोन पानं खर्च केली, आणि तुझी बोटं तर मी लहानपणी हातात धरली होती. पान वळून वळून तुमची बोटं गुळगुळीत झालेली. आईची तशीच, देवकाबाईची तशीच. रेघा कुठून येणार? पण मी हसले, आणि म्हटलं, पुन्हा जा, येईल.

तू पुन्हा गेलीस. पुन्हा फोन.

‘आज दहाही बोटाइची वळख करून देल्ली. हे अंगठा, हे त्याची बहीन. मशीन कोनालेच नाई वळखत. ऑपरेटर मने, बड़े दफ्तर से लिखा के लाओ कि उँगली नहीं आती. बड्या दफ्तरात गेली. थे मनते, लिहून देतो, पन तुम्हीच का थे, हे पाहाले आधी अंगठा लावा.’

मी इतकी हसले की स्टाफरूममधले दोघे वळून बघायला लागले. पुढच्या आठवड्यात चर्चासत्र होतं, माझा निबंध होता, रशियन कादंबरीतलं अद्भुत आणि उपरोध. आणि मी, तुझ्या मांडीवर वाढलेली मी, तुला काय म्हणाले? म्हणाले, मावशी, हे मी निबंधात घालू का?

‘घाल ना,’ तू म्हणालीस. मग नुसता श्वास. ‘पन माहं नाव नोको टाकू. मशीन मनन, खोटं हाय.’

मी घातलं, मावशी. दुसऱ्याच परिच्छेदात घातलं. सभागृह हसलं. एका ज्येष्ठ बाईंनी नंतर येऊन विचारलं, हा प्रसंग कुठल्या कथेतला? मी म्हटलं, आमच्याकडच्या एका बाईंचा. त्या म्हणाल्या, विलक्षण आहे. त्याच दिवशी तू तिसऱ्यांदा गोंदियाला गेली होतीस. आईला सांगितलंस, बाजारात जाते. परत येताना बसमध्ये जागा मिळाली नाही, उभ्यानं आलीस, आणि फाट्यावर उतरून झाडाखाली बसून राहिलीस. तिथून देवकाबाईच्या जावयानं तुला सायकलीवर घरी आणलं. त्या दिवशी तू मला फोन केला नाहीस.

आईनं केला. ‘शकुनले दम गंज हाय, श्वासच पुरत नाई. येऊन जाय.’

मी म्हटलं, उद्या समारोप आहे, परवा सकाळच्या गाडीनं येते.

परवा सकाळी गाडी तुमसरच्या पुढे होती तेव्हा आईचा दुसरा फोन आला.

तुला माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी गोंदियाला त्या केंद्रात गेले. भांडायलाच गेले होते. सगळं पाठ करून गेले होते. ऑपरेटर तू सांगितलास तसा पोरगेला नव्हता, चाळिशीचा होता, चष्मा, गळ्यात मफलर. मी तुझं नाव सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला.

‘बीड़ी वाली मौसी? कामठा की? अरे मैडम, क्या हँसाती थीं! कैसी हैं?’

मी सांगितलं. तो खुर्चीतून उठला. मला बसायला सांगितलं, मी बसले नाही. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला, मी घेतला नाही. म्हटलं, तीन वेळा परत पाठवलं तुम्ही तिला. दुसरा काहीच रस्ता नव्हता?

त्यानं तो ग्लास टेबलावर ठेवला. मग म्हणाला, आँख वाली मशीन है मैडम. बाजू के दफ्तर में. उँगली नहीं आई तो आँख से हो जाता है.

‘मग तिला का नाही सांगितलं?’

‘वो साहब देते नहीं किसी को. फोन करना पड़ता है, हाथ जोड़ना पड़ता है. कोई रोता है, चिल्लाता है, तो मैं कर देता हूँ फोन.’ त्यानं चष्मा काढला. ‘मौसी तो हँस रही थीं. मुझे लगा, जल्दी नहीं है.’

मी तिथे उभी होते. मागे रांग होती, कोणीतरी ‘मैडम, आगे बढ़ो’ म्हणालं. पाठ केलेलं सगळं तसंच घेऊन मी रांगेतून बाहेर निघाले.

बघ, जिंकले मी. वीस वर्षांचा आपला वाद मी त्या काउंटरसमोर जिंकले. हसलीस म्हणून फोन झाला नाही. हसलीस म्हणून मी पहिल्या गाडीनं आले नाही. तू इतकं छान सांगत होतीस की ऐकणाऱ्या कोणालाच तुझा श्वास ऐकू आला नाही, त्या ऑपरेटरला नाही आणि मला डॉक्टरलाही नाही. आता म्हण ना, हासलं मंजे सोडलं हे कोनं सांगतलं? त्या मफलरवाल्यानं सांगतलं, मावशी. मला असं जिंकायचं नव्हतं गं.

का नाही ओरडलीस? एकदा तरी ओरडायचं. त्याच्या टेबलावर हात आपटायचा. मला फोनवर म्हणायचं, करुने, हसू नोको, मी मरून रायली. सहा शब्द होते. तुझ्याकडे अख्खा रशिया होता आणि हे सहा शब्द नव्हते?

पण मग रस्त्यानं परत येताना, बसच्या खिडकीशी बसून, माझा राग तुझ्यावरून सरकला. म्हातारी बाई आजारी आहे, एवढं पुरेसं का नाही? तिनं वर रडूनही दाखवायचं? उपचार मिळवायला आधी भीक मागितल्यासारखं तोंड करायचं, तेव्हा कुठे कोणी शेजारच्या खोलीतला फोन उचलणार? पन्नास वर्षं बिड्या वळून बोटं झिजवलीस, त्या बोटांवरच्या रेघा गेल्या म्हणून कचेरीनं तुला परत पाठवलं, आणि तू मान ताठ ठेवून त्याची गोष्ट केलीस. लाज कोणाला वाटायला हवी? तुला रडायला लावणाऱ्या त्या सगळ्या मांडणीला की न रडलेल्या तुला? मी तर दोन्हीकडे जाऊन आले आहे. मला उत्तर सापडत नाही, आणि मला समजूतही नको आहे. काल भंतेजी अनित्यतेवर बोलले. त्यांचं ऐकलं, ‘साधू’ म्हटलं, हात जोडले. राग गेला नाही. मृत्यू अनित्यतेनं येतो हे मान्य. शेजारच्या दफ्तरातली मशीन बंद कपाटात राहते, ती अनित्यतेनं नाही.

आणि तरी तुझे आभार मानल्याशिवाय मला हे लिहिता येत नाही, हा आणखी एक संताप. वाचायला मला शाळेनं शिकवलं, पण वाचलेलं पान उपडं ठेवून ते समोरच्या माणसाच्या भाषेत कसं सांगायचं, हे तुझ्याकडून आलं. अद्भुत म्हणजे परीकथा नव्हे, कचेरीत जाऊन आलेल्या माणसाचा खरा वृत्तान्त, हे मी तुझ्याकडून शिकले आणि नंतर ग्रंथांत शोधलं. माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं मॅडम खूप वाचतात. मी तुझंच वाचते आहे अजून.

प्रबंधाचं पुस्तक निघतं आहे. प्रकाशकाला काल रात्री लिहिलं की पहिल्या पानावर बदल आहे. तुझं नाव येईल, देवकाबाईचं येईल, आणि कपांचं वाक्य कोणाचं ते येईल. मशीन काय म्हणायचं ते म्हणो.

आज सकाळी देवकाबाई आली होती. आईच्या चुलीपाशी बसली, चहा घेतला, मग माझ्यासमोर दोन्ही हात पालथे करून धरले आणि उलटे केले. बोटांची टोकं नदीतल्या गोट्यासारखी. रेशनच्या दुकानातली मशीनही तिचा अंगठा घेत नाही, दोन महिने परत पाठवत आहेत. तिची सून जाते तेव्हा मिळतं, सून माहेरी गेली की नाही. माझ्या आईचं तेच. आणखी तिघींचं तेच. कोणी मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

म्हणून सोमवारी जातो आहोत. आम्ही सहा जणी. केंद्रात नाही, बाजूच्या दफ्तरात, जिथे डोळ्यांची मशीन आहे. मी रजा वाढवून घेतली. अर्ज सगळ्यांचे लिहून झाले, देवकाबाईनं अंगठ्याच्या जागी सही करायला दुपारभर सराव केला, ‘देवका’ मधला ‘व’ तिला दरवेळी उलटा येतो. मी सगळ्यांना बसवून बजावलं. साहेब बाहेर गेले म्हणाले तर थांबायचं. उद्या या म्हणाले तर थांबायचं. चहा देऊ केला तर घ्यायचा नाही. आणि काय वाट्टेल ते होवो, कोणी हसायचं नाही. एकीनंही.

बायांनी माना डोलावल्या. मग देवकाबाई म्हणाली, ‘आन आलंच तं?’

‘काय?’

‘हासू व. त्याइचं तोंड पाहून आलंच तं का कराचं?’

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. आई तर पदरात तोंड घालून आधीच सुरू झाली होती. मला तुझा इतका राग आला होता, मावशी, की डोळ्यांपुढे चूल दिसेना.

‘आलं तर हसा,’ मी म्हटलं. ‘पण काम झाल्याशिवाय उठायचं नाही.’

दफ्तर साडेदहाला उघडतं. आम्ही दहाला दारात बसणार आहोत.